मूल कुणाच्या घरी राहतं?

कमी पगारावर काम करणाऱ्यांचे टॅक्स फॉर्म मोफत भरून देण्याचं स्वयंसेवी काम मी न्यू जर्सीत करते. 'व्हिटा' या सरकारी कार्यक्रमातलं. पगाराचा कागद, म्हणजे डब्ल्यू-टू, चटकन उरकतो. वेळ जातो तो घरात कोण कोण राहतं ते समजून घेण्यात. कारण 1975 पासूनची 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' ही सवलत बरीचशी मुलांवर अवलंबून असते. 2024 सालासाठी मूल नसेल तर जास्तीत जास्त 632 डॉलर, एक असेल तर 4,213.

समजा, साफसफाईचं काम करणारी आजी, तिची सव्वीस वर्षांची अविवाहित लेक आणि चार वर्षांचा नातू एकाच घरात राहतात. दोघींपैकी कुणीही त्याला आपल्या फॉर्मवर दाखवू शकते, पण एकीनंच. लेकीची वर्षाची कमाई 9 हजार, तर तिला सुमारे 3,060 डॉलर मिळतात. आजीची 20 हजार, तर पूर्ण 4,213. लेकीनं हक्क सोडला तरच आजीला तो घेता येतो, तोही तिचं उत्पन्न लेकीपेक्षा जास्त असेल तरच. दोघींनी दावा केला तर मुलाच्या आईचा, म्हणजे लेकीचा ग्राह्य. म्हणून मायलेकींना मी एकत्रच बसवते. हे आधी घरात ठरलेलं बरं.

या सवलतीसाठी भाचा, पुतणी, नातू, धाकटं भावंड चालतात. मामेभावाचं मूल चालत नाही. लग्न न करता सोबत राहणाऱ्या जोडीदाराचं मूलही नाही, मग त्याला रोज शाळेत सोडणारी फॉर्म भरायला आलेली बाईच का असेना. हे तिला सांगणं या कामातला सर्वात जड भाग. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. मूल कोण सांभाळतं, हे त्यात मोजलंच जात नाही.

घटस्फोटित वडील कधी 8332 क्रमांकाचा फॉर्म घेऊन येतात. त्यावरच्या मुलाच्या आईच्या सहीनं चाइल्ड टॅक्स क्रेडिट त्यांच्याकडे जातं, अर्न्ड इन्कमची सवलत मात्र नाही. ती मूल निम्म्याहून अधिक वर्ष जिच्याकडे राहिलं तिचीच.

आणि ते राहिलं हे सिद्ध करायला कागद लागतो. भाडेकरार बहिणीच्या नावावर, शाळेत पत्ता जुन्या घराचा, अशी अवस्था फार दिसते. आयआरएसनं, म्हणजे करखात्यानं, पुरावा मागितला की परतावा अडकतो. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना सांगा, घर बदललं की शाळेत आणि डॉक्टरांकडे पत्ता लगेच बदलून घ्या.