खुब्याचे हाड मोडते तेव्हा

न्हाणीघरात पाय घसरून आजी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, असे आपण पुष्कळदा ऐकतो. मात्र एका आजींच्या हाडात सळई घालतात, तर दुसऱ्या आजींच्या सांध्याचा गोलाच बदलतात. असे का? याचे उत्तर थोडे शरीरशास्त्रात आणि थोडे तुमच्या तरफेच्या धड्यात आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल कमरेच्या हाडातील उखळीत बसतो. गोलाखाली तिरकी मान आणि तिच्याखाली जाड उंचवट्यांचा भाग असतो. एका पायावर उभे राहिले की हा सांधा तरफेचा टेकू बनतो. माणसाचे वजन ६० किलोग्रॅम धरा. टेकलेला पाय वगळून सुमारे ५० किलोग्रॅम भार टेकूपासून साधारण १० सेंटिमीटरवर पडतो. दुसऱ्या बाजूने स्नायू ओढतात, ते केवळ ५ सेंटिमीटरवरून. म्हणजे त्यांना १०० किलोग्रॅम भाराइतके बल लावावे लागते आणि टेकूवर एकूण १५० किलोग्रॅम भार येतो. वजनाच्या अडीचपट! मोडलेले हाड सांधताना हा भार विसरून चालत नाही.

म्हातारपणी अंथरुणाला खिळणे धोक्याचे. न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, शिरांत रक्त गोठते. म्हणून रोग्याला लवकर उभे करणे हाच शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू असतो.

हाड मानेत मोडले, तर प्रश्न रक्ताचा असतो. गोलाला रक्त पोचविणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. तुकडे जागचे हलले नसतील, तर स्क्रू बसवून भागते. हलले असतील, तर वाहिन्या तुटून गोल मृत होण्याचा संभव असतो. अशा वेळी वृद्धांमध्ये गोल काढून धातूचा बसवितात. हा अर्धा बदल. उखळीही बदलली की पूर्ण बदल. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली पोलादी गोल आणि पॉलिएथिलीनची उखळी वापरून या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप दिले.

मग दोहोंत सरस कोणता? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे १,५०० रोग्यांची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण पूर्ण बदलात ७·९ टक्के, तर अर्ध्या बदलात ८·३ टक्के होते. फरक नाहीच म्हणा. पूर्ण बदलानंतर हालचाल किंचित बरी होती, पण ही शस्त्रक्रिया मोठी आणि सांधा निखळण्याचा धोकाही अधिक. म्हणून हिंडत्याफिरत्या, धडधाकट वृद्धांना पूर्ण आणि अशक्तांना अर्धा, असा विचार करतात.

मानेच्या खाली हाड मोडले, तर रक्तपुरवठा भरपूर असतो. हाड जुळून येते, गोल बदलावा लागत नाही. येथे दोन साधने आहेत. एक म्हणजे हाडाबाहेरची पट्टी व तिच्या नळीत सरकणारा स्क्रू; वजन पडले की तुकडे एकमेकांवर दाबले जातात. दुसरे म्हणजे हाडाच्या पोकळीत बसणारी सळई. ती भाराच्या रेषेच्या जवळ असते, म्हणून भुजा लहान आणि वाकविणारे परिबलही कमी. साध्या मोडीला पट्टी पुरते. चुरा झालेल्या, अस्थिर मोडीला सळई बरी.

शस्त्रक्रियेनंतर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला सांगतात. का बरे? तरफेची आकृती काढा, काठीची भुजा मोजा आणि उत्तर शोधा. त्याआधी घरातील न्हाणीची फरशी निसरडी नाही ना, तेही पाहा.