तिला विचारलंत का?

वढू बुद्रुकला लोक येतात ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला. याच गावात 1997 साली सिस्टर लुसी कुरियन यांनी निराधार बायका-मुलांसाठी ‘माहेर’ सुरू केलं. पुढे रस्त्यावर सापडलेल्या मानसिक आजारी बायकांनाही तिथे आसरा मिळाला. अशा बाईचं जेवण, आंघोळ, औषध मार्गी लागलं, की अवघड प्रश्न उरतो. हिला घरी परतायचंय का? नसेल, तर कसं राहायचंय?

व्यक्तिकेंद्री नियोजन, म्हणजे त्या माणसाला काय हवंय यावरून केलेली आखणी, सुरू होतं ते इथून. 1980 च्या दशकात अमेरिका-कॅनडात ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडे गाडी उलटी धावते. दिव्यांगांसाठी शिबिर भरतं, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फोटो निघतो. सायकल घराच्या उंबऱ्यातून बाहेर निघते का, हे बघायला कुणी जात नाही.

समजा, गावातली पंचवीस वर्षांची एक मुलगी आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, बोलणं मोजकं. तिच्यासोबत आई, मावशी, अंगणवाडीताई आणि किराणा दुकानदार असे चौघं बसतात. समोर फोटो मांडतात: शिवणयंत्र, शेळी, देऊळ, दुकान. ती पुन्हा पुन्हा दुकानावर बोट ठेवते. तिला तिथे एकटीने जायचंय. आई म्हणणारच, “नको गं बाई, उसाच्या ट्रॉल्या काय कमी असतात रस्त्याला?” आईची भीती खोटी नाही, आणि ती झटकून टाकणारं नियोजन कुचकामीच. म्हणून ठरतं असं: सुरुवातीला मावशी बरोबर जाईल, मग चार पावलं मागून, मग नुसती कोपऱ्यावर उभी राहील. मुलगी पोचली, की दुकानदार फोन करील. महिन्याभराने पुन्हा बसायचं. तोवर तिला दुकानाचा कंटाळाही आलेला असेल. तसं झालं तर आराखड्याचा कागद बदलायचा.

हा नुसता चांगुलपणाचा मामला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालकाने परस्पर निर्णय घ्यायचा नसतो, दिव्यांग व्यक्तीसोबत बसून घ्यायचा असतो. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर सांगतो, की घरच्यांनी स्वीकारलं नाही एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तरी माणसं तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण बाहेर राहायची सोय उभी करायला सरकारचा हात आखडतो.

गावपातळीवर थोडा पैसा असतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. अनेक ठिकाणी तो सगळ्यांना सारखा वाटून हिशेब मिटवतात. या मुलीच्या कागदावरची मागणी मात्र अशा वाटपात बसणार नाही: दुकानाजवळ गतिरोधक हवा. ती ग्रामसभेत मांडायची. मतदार यादीत नाव असेल, तर हात वर करायचा हक्क तिलाही आहे.