न्याहारी आणि निहारी, दोघी सख्ख्या बहिणी

सकाळच्या शाळेत हजेरी घेताना आम्ही मुलांना विचारतो, "नाश्ता करून आलात का?" काही मुलं मान हलवतात, काही गप्प खाली बघतात. गंमत म्हणजे फारसीत 'नाश्ता' या शब्दाचा अर्थच मुळी 'सकाळपासून काही न खाल्लेला' असा आहे. उपास मोडायला जे खायचं, त्यालाच पुढे नाश्ता म्हणू लागले.

आपल्या मराठी 'न्याहारी'चंही तेच. फारसी 'नहार' म्हणजे उपाशीपोटी. "ये दवा निहार मुँह लेना," असं आपल्या घरातली वडीलधारी माणसं म्हणतात ना, तोच हा शब्द. त्यातूनच दिल्ली-लखनऊची निहारी आली. कुणी ती अरबी 'नहार' म्हणजे दिवस, यावरून आली असं सांगतात. आम्हाला मात्र उपाशीपोटीचा अर्थ जास्त पटतो. म्हणजे बांधावर बसून शेतकरी भाकरी, कांदा, ठेचा खातो ती न्याहारी आणि जुन्या दिल्लीत खमिरी रोटीसोबत खातात ती निहारी, दोघींचं माहेर एकच! इराणमध्ये तर आज 'नाहार' म्हणजे दुपारचं जेवण.

निहारीची देग रात्रीच मंद आचेवर चढते. नळीचं हाड, गोश्त, मसाला रात्रभर शिजतो आणि फज्रच्या नमाजनंतर झाकण उघडतं. असं खाऊन कामाला गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत भूक लागत नाही. इजिप्तमध्ये बाकल्याचे दाणे असेच तासन्‌तास शिजवतात. तिथे सकाळच्या खाण्याला जे नाव आहे, ते आपल्या 'इफ्तार'च्याच धातूतून आलेलं. अर्थ तोच, रोजा सोडणं.

चहा या सगळ्यात फार उशिरा आला. 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाचा प्रचार झाला, पुढे भारतातही. हळूहळू घरोघरी भाकरीच्या जागी चहा-पाव, चहा-खारी आली. आता तर काही मुलं नुसता चहा पिऊन येतात आणि दहा वाजता बाकावर डोकं टेकतात. फारसीच्या हिशेबाने ती अजून 'नाश्ता'च असतात!

आम्ही वर्गात पहिल्या तासानंतर पाच मिनिटं डबा उघडायला सांगतो. रात्रीची भाकरी असली तरी चालते.