साठी बुद्धी नाठी? कोणाची आणि कशामुळे?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडात इतकी रुळली आहे, की ती कधी कोणी तपासून पाहिली असेल असे मनातही येत नाही. पण ती तपासली गेली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ १९९२ पासून पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे २० हजार लोकांच्या दर दोन वर्षांनी मुलाखती घेत आले आहे. पैसा, प्रकृती, नोकरी, नातीगोती यांची चौकशी होते आणि सोबत स्मरणशक्तीही जोखली जाते. या माहितीवरून केनेथ लँगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक निष्कर्ष मांडला. ६५ वर्षे व त्यापुढील अमेरिकनांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २००० साली ११.६ टक्के होते, ते २०१२ साली ८.८ टक्क्यांवर आले. या बारा वर्षांत मधुमेह आणि लठ्ठपणा वाढला होता, तरीही बुद्धी अधिक टिकली. या काळात वृद्धांचे सरासरी शालेय शिक्षणही ११.८ वर्षांवरून १२.७ वर्षांवर गेले होते, आणि घसरणीचा काही भाग या वाढीशी जोडलेला दिसला. म्हणजे साठीतल्या बुद्धीचा हिशेब सहाव्या वर्षी शाळेच्या दारातच सुरू झालेला असतो!

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगते. स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी किंवा सुधारता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तदाब आहे, बहिरेपण आहे, तसेच अपुरे शिक्षण आणि एकटेपणही आहे.

मिशिगनच्या अभ्यासाला जगभर भावंडे झाली: मेक्सिको, इंग्लंड, युरोप, चीन, दक्षिण आफ्रिका आणि भारत. भारतातला अभ्यास म्हणजे ‘लासी’. त्याचे घर आपल्या मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आहे; जोडीला हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती जमा झाली. तिचा जाडजूड अहवाल मी हौसेने मिळवला आणि पान न् पान वाचला. ‘लासी’तल्याच साठीपुढच्या ४,०९६ लोकांची अधिक सखोल बौद्धिक तपासणी दिल्लीच्या ‘एम्स’ने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जिनकूक ली यांच्या चमूबरोबर केली.

आता माझ्या खऱ्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येते. जो माणूस कधी शाळेत गेलाच नाही, त्याची बुद्धी मोजायची कशी?

मी पूर्वी संध्याकाळी प्रौढ साक्षरता वर्ग घेत असे, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. जगभर सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तयार केली. गुण ३०. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर लिहिलेली आज्ञा वाचा आणि तसे करा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा. माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती. ऐन तारुण्यात, डोके लख्ख असतानाही, यातले निम्मे गुण तिच्या हातून गेले असते. पण तिला एकादशी कधी, संकष्टी कधी, कोणत्या शेजारणीचे किती शेर जोंधळे परत यायचे आहेत, हे सगळे तोंडपाठ असे. अशा बाईला कमी गुण मिळाले तर ती चूक परीक्षेची.

हे ओळखून झालेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरी गांगुली आणि त्यांचे भारतीय सहकारी १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगडच्या २८ गावांत गेले. पंचावन्नच्या पुढचे पाच हजारांहून अधिक लोक, आणि त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश निरक्षर. तिथे चाचणीचा एकेक प्रश्न पुन्हा घडवावा लागला. शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचण्याऐवजी तपासणाऱ्याने डोळे मिटले की आपणही मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी बोलून दाखवायचे. मेंदूची जी शक्ती तपासायची ती तीच ठेवायची आणि पेन्सिल तेवढी बाजूला काढायची, हे वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक बदल गावात करून पाहावा लागतो. ही हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे एम्सच्या तपासणीतही घेतली गेली.

अशा तपासण्यांतला एक प्रकार मी स्वतः करून पाहिला. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायचे, असा तो खेळ. माणदेशातल्या, मेंढ्या राखण्यात जन्म गेलेल्या एका आजींना विचारले. त्या सुरू झाल्या: गाय, कालवड, खोंड, म्हैस, रेडकू, शेळी, करडू, मेंढी, कोकरू... मी मोजत बसले आणि अडले. कालवड ही गायीहून वेगळी धरायची का? आजींच्या लेखी वेगळीच. हत्ती, जिराफ, झेब्रा ही पुस्तकातली नावे त्यांनी घेतली नाहीत. ज्या जनावरांत आयुष्य गेले त्यांची घेतली. गुण देण्याचा नियम आधी नीट ठरवला नाही, तर चार वर्गांचा फरक चार दशकांच्या अनुभवावर मात करतो.

घरच्यांची साक्ष हाही असाच नाजूक भाग. या तपासण्यांत जवळच्या माणसालाही विचारतात: गेल्या काही वर्षांत यांच्यात काय बदलले? पण आपल्याकडे सासूच्या हातातले काम सून प्रेमाने किंवा रीतीने काढून घेते. जिने बँकेचा व्यवहार कधी केलाच नाही, तिला तो आता जमत नाही हे कळणार कुठून? म्हणून नेमके विचारावे लागते: देवपूजेचा क्रम चुकतो का, चुलीवरचे विसरते का, नातवंडांच्या नावांची गल्लत होते का?

इतक्या काळजीने मोजल्यावर आलेला आकडा म्हणून मी गंभीरपणे घेते. २०२३ मध्ये ली यांच्या चमूने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. स्त्रिया अधिक वर्षे जगतात हे एक कारण झाले. पण ‘लासी’च्या आधी, २०१० मध्ये, कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थानात झालेल्या चाचपणीत एक वेगळी गोष्ट दिसली होती. दक्षिणेत बुद्धीच्या चाचण्यांत स्त्रिया जिथे मागे होत्या, तिथे तो फरक बऱ्याच अंशी शिक्षणातल्या तफावतीने उलगडत होता. उत्तरेत शिक्षणाचा हिशेब मांडूनही स्त्रिया मागेच राहत होत्या. मुलीला कमी लेखण्याची रीत जिथे घट्ट, तिथे ती म्हातारपणी स्मरणशक्तीतही उतरते. ते वाचताना माझ्या वर्गातल्या बायका डोळ्यांपुढे आल्या. पाटीवर स्वतःचे नाव लिहिताना त्यांचा हात थरथरायचा, आणि हिशेब मात्र त्या बोटांवर माझ्या आधी करायच्या.

शाळा चुकली म्हणजे सारे संपले, असेही नाही. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लादी यांनी एडिंबरोच्या थॉमस बाक यांच्यासह २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली दिसली, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या कष्टकरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या या कसबाला कुठल्याही शाळेने प्रमाणपत्र दिलेले नाही.

इतक्या वाचनानंतर माझे मत पक्के झाले आहे. मुलींच्या शाळेवरचा खर्च हा आरोग्याचाच खर्च धरला पाहिजे. गावोगावच्या आशाताईंना मराठीत घडवलेली, अक्षरओळखीची अट नसलेली चाचणी शिकवली पाहिजे, आणि तिचे नियम माणदेश, मेळघाट, कोकण असे ठिकठिकाणी पारखून घेतले पाहिजेत. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून न देता कान तपासून घ्यावेत, कारण ऐकू न येणारा माणूस गप्पांतून आधी बाहेर पडतो. आणि आजी काही विसरली की ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्याआधी तिला कोणकोणत्या संधी नाकारल्या गेल्या, हे घरातल्या शिकलेल्यांनी एकदा विचारावे. तिच्या विसरण्यात वयाचा वाटा आहेच. आपल्या समाजाचाही आहे, आणि तो कमी करणे आपल्या हातात आहे.