पत्र्याखालची गाडी

मिस्त्री साबणाची वडी घेतात आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोरडीच घासत सुटतात. पांढरट रेघांनी पत्रा भरून जातो. मग गॅसची बत्ती पेटते आणि ज्योत पत्र्यावरून मागे-पुढे फिरू लागते. एका जागी क्षणभरही थांबत नाही. रेघा आधी पिवळ्या पडतात, मग तपकिरी. काळ्या पडल्या की मिस्त्री बत्ती बंद करतात.

"मामा, जरा मागे सरक," भाचा म्हणतो.

मी सरकत नाही. आयुष्यभर चिंचवडच्या एका टूलरूममध्ये पोलादाशी झटापट केलेला माणूस मी. ही युक्ती मला जवळून बघायची आहे. लोखंड तापलं की लाल होऊन बजावतं. ॲल्युमिनियम शेवटपर्यंत तोंडावर काही दाखवत नाही आणि एकदम वितळून खाली पडतं. म्हणून साबण. तो काळा पडतो त्या आचेला पत्रा नरम झालेला असतो, आणि वितळायला अजून थोडी सवड असते. दुकानात थर्मामीटर नसेल असं नाही, पण तो शोधायला कोणी उठत नाही.

मोदेना शहराच्या दक्षिणेला, औद्योगिक वसाहतीतली ही शेड. भाचा इथल्या विद्यापीठात गाड्यांचंच इंजिनिअरिंग शिकतो, सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींच्या हाताखाली झाडलोट करतो आणि बदल्यात बघू देतील तेवढं बघतो. आज दुभाषाही तोच. मिस्त्री सत्तरीचे असावेत. बोलणं कमी, आणि जे बोलतात त्यातलं निम्मं भाचा भाषांतरित करत नाही, फक्त हसतो.

मधोमध चार घोड्यांवर उभी आहे ती १९६१ची मासेराती ३५०० जीटी. उभी म्हणजे अर्धीमुर्धी. इंजिन बाहेर, काचा बाहेर, आणि डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा काढलेला. मला वाटलं होतं, आत जाडजूड सांगाडा दिसेल. दिसतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी नळ्या. वाकवलेल्या, एकमेकींना वेल्ड केलेल्या, दारापासून डिकीपर्यंत गाडीचा आकार हवेत काढून दाखवणाऱ्या. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि वरून कागद, तसला सगळा प्रकार. वजन पेलतो तो खालचा जाड नळ्यांचा चासी. या बारीक नळ्या फक्त आकार धरून ठेवतात, आणि त्यांच्यावरचा पत्रा, जो बघून माणसं वेडी होतात, तो कसलाच भार उचलत नाही.

या पद्धतीचं नाव सुपरलेजेरा, अतिहलकी. मिलानच्या कारोझेरिया तुरिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने १९३६ साली तिचं पेटंट घेतलं. मासेराती मोदेनाची, पण हा अंगरखा मिलानचा. बोनेटच्या बाजूला ते नाव तिरक्या अक्षरांत लावलेलं असतं. इथे ती अक्षरं एका डब्यात, स्क्रूंबरोबर पडली आहेत.

मिस्त्री एका नळीकडे बोट दाखवतात. तिच्यावर काळपट, कुजलेली पट्टी चिकटलेली आहे. कापड. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. बॅटरीत जे होतं तेच होतं. म्हणून नळीवर आधी कापड गुंडाळायचं, मग त्यावरून पत्र्याची कड दुमडायची. साठ वर्षांनी कापड कुजलं, आणि जिथे ते कुजलं तिथे पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढरी भुकटी धरली आहे. मी बोटाने खरवडतो. नखाखाली पीठ येतं आणि पत्र्यात सुईएवढं भोक राहतं. बाहेरून रंग इतका चकचकीत, की कुणाला शंकाही येऊ नये.

नरम झालेला पत्रा वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर येतो. लाकडी हातोडा. ठोके जोरात नाहीत, पण एकसारखे, आणि प्रत्येक ठोक्याला डावा हात पत्रा केसभर सरकवतो. सपाट तुकड्याला हळूहळू पोट येतं. मग पोलादी ठोकळा आतून धरून वरून चपटी हातोडी. थोडं झालं की मिस्त्री तुकडा उचलतात, छताच्या ट्यूबलाइटखाली तिरपा धरतात आणि पत्र्यावरचं ट्यूबचं प्रतिबिंब बघतात. ती उजेडाची रेघ एका जागी किंचित लचकते. मला दिसत नाही. त्यांनी खडूने खूण केल्यावर दिसते. पुन्हा पिशवी, पुन्हा ठोके. लांबी भरून हा खळगा पाच मिनिटांत बुजवता येईल, असं मी भाच्याला म्हणतो. तो ते भाषांतरित करत नाही. शहाणा आहे.

उजवी बाजू शाबूत आहे, त्यामुळे गाडीचं रूप तिथून बघायला मिळतं. एक कड हेडलाइटच्या वरून निघते, दाराच्या हँडलच्या थोडी वरून जाते आणि मागे दिव्यापाशी विरते. मध्ये कुठे उगाच उसळी नाही, पंख नाहीत, लाटा नाहीत. त्या काळी अमेरिकेत गाड्यांना मागे माशासारखे पर फुटत होते. तुरिंगच्या कार्लो फेलिचे बियांकी अंदेर्लोनींनी तो मोह टाळला. नाक लांब, कारण आत सहा सिलिंडरचं उभं, लांबलचक इंजिन आहे. बोनेटवर हवा घ्यायला उंचवटा, कारण हवा लागते. छप्पर मात्र निव्वळ देखणं आहे, त्याला कारण विचारू नये. मागच्या सीटवर फार तर बॅगा बसतील. मी बसून बघतो आणि दोन्ही गुडघे हनुवटीला टेकवून बाहेर येतो.

इंजिन कोपऱ्यात स्टँडवर आहे. हेड उघडं, दोन कॅम, त्यांना फिरवणारी साखळी. मी प्लग मोजतो. बारा. सिलिंडर सहा आणि प्लग बारा. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १००. वर अर्धगोल घुमटासारखी पोकळी. एवढ्या मोठ्या पोकळीत एकाच कडेने ठिणगी पडली तर आग दुसऱ्या कडेला पोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून पेटवली की काम लवकर उरकतं. ही युक्ती शर्यतीतली. इंजिनही शर्यतीतलंच: ३५०एस नावाची गाडी, जी घेऊन स्टर्लिंग मॉस १९५६च्या मिले मिल्या शर्यतीत धावले आणि रस्त्याबाहेर गेले. मासेरातीचे मुख्य इंजिनिअर जुलिओ आल्फिएरी यांनी ते इंजिन माणसाळवलं. ताकद कमी केली, सुमारे २२० अश्वशक्तीवर आणली, ३,४८५ सीसी, पेट्रोल पाजायला तीन वेबर कार्बोरेटर. शर्यतीच्या इंजिनाला एक रविवार टिकलं तरी पुरतं. या इंजिनाला गिऱ्हाइकाची बायको, गिऱ्हाइकाचा आळस आणि पॅरिसमधली वाहतूक यांतून वर्षानुवर्षं जायचं होतं.

माणसाळवण्याची गरज का पडली, ती गोष्ट या शेडपासून फार लांब घडलेली नाही. मासेरातीचे मालक ओर्सी घराणं. त्यांचा यंत्रं बनवण्याचाही धंदा होता, आणि अर्जेंटिनाला पाठवलेल्या यंत्रांचे पैसे पेरॉन सत्तेवरून गेल्यावर अडकले. १९५७ साली फांजिओने मासेराती चालवून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हेनेझुएलात काराकासला कंपनीच्या सगळ्या स्पोर्ट्स गाड्या एकाच शर्यतीत अपघातांत आणि आगीत गेल्या. एका वर्षात मुकुटही आणि दिवाळंही. पुढच्या वर्षी कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली गेली, शर्यतीचा कारखाना बंद झाला. हाताशी उरली ती १९५७च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवलेली एक रस्त्यावरची गाडी. पांढऱ्या रंगामुळे तिला लोक 'दामा बियांका', गोरी बाई, म्हणत होते.

तोवर दहा वर्षांत मासेरातीच्या रस्त्यावरच्या गाड्या दीडशेही भरल्या नव्हत्या. हिच्या १९६४पर्यंत सुमारे २,२०० झाल्या. आकडा आजच्या हिशेबाने किरकोळ आहे, पण हातोडीने ठोकलेल्या पत्र्यांचा आहे हे ध्यानात घेतलं की छाती दडपते. आणि एवढ्या गाड्या झाल्या त्या आल्फिएरींनी अभिमान गुंडाळून ठेवला म्हणून, असं माझं मत आहे. गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा. ब्रेक इंग्लंडच्या गर्लिंगचे. मागचा ॲक्सल सॉल्सबरीचा, पुढच्या सस्पेन्शनचे भाग आल्फर्ड अँड आल्डरचे, सगळं इंग्लंडमधून. आणि मागे स्प्रिंगा बघाव्यात तर चक्क पाटे! एवढ्या उंची गाडीखाली मालगाडीचे पाटे बघून मी भाच्याकडे वळतो. तो खांदे उडवतो. "चालतात ना," मिस्त्री म्हणतात. हे मला भाषांतराशिवाय कळतं. जे बाजारात चांगलं मिळतं ते बनवत बसायचं नाही. जीव ओतायचा तो इंजिनात आणि अंगकाठीत. श्रीमंतांसाठीची ही गाडी अशा काटकसरीतून उभी राहिली.

फळीवर एका खोक्यात एक पंप आहे, तेलकट कागदात गुंडाळलेला. ल्यूकसचा इंजेक्शन पंप. १९६१पासून मासेरातीने कार्बोरेटरऐवजी तो बसवायला सुरुवात केली; गाडी झाली ३५०० जीटीआय, ताकद २३५ अश्वशक्ती, इंजेक्शनवर चालणारी इटलीतली पहिली विक्रीची गाडी. कागदावर मोठी झेप. प्रत्यक्षात गल्लीतल्या मेकॅनिकला तो पंप लावता येईना, आणि अनेक मालकांनी तो काढून पुन्हा वेबर बसवले. आता तेच खोकं सोन्याच्या भावाने शोधतात, कारण संग्राहकांना गाडी मुळासारखी हवी असते. मिस्त्री खोक्याकडे बघून एक शब्द बोलतात. भाचा हसतो.

अंगणात दुसरी गाडी आहे, काम पूर्ण झालेली, त्याच वर्षाची, कार्बोरेटरवालीच. तिची चाचणी घ्यायची आहे. मिस्त्री मला दार उघडून देतात. दार हाताला इतकं हलकं लागतं की मी ते जरुरीपेक्षा जोरात ओढतो आणि ओशाळतो. चावी फिरते. आधी पंपाची टकटक, मग सहा सिलिंडरचा जाड, किंचित खरखरीत आवाज. थंड असताना ती कुरकुरते, एका-दोन ठिकाणी खोकते.

व्हिया जार्दिनीवर फोर्मिजिनेच्या दिशेने आम्ही निघतो. गावातल्या वळणांवर मिस्त्रींचे खांदे स्टिअरिंगशी झुंजतात. पॉवर-बिवर काही नाही. क्लचवर पाय टाकताना त्यांच्या पोटरीची शीर दिसते. खड्ड्यावर मागचे पाटे आपली जात दाखवतात. पायांपाशी इंजिनाची धग येते आहे. आरामदायी म्हणतात ती हीच का, असं माझ्या मनात येतं. मग रस्ता मोकळा होतो, गिअर चौथा, मग पाचवा, आणि गाडीचा स्वभावच पालटतो. स्टिअरिंगवर आता दोन बोटं आहेत. इंजिनाचा आवाज खाली बसला आहे. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे वेगाने मागे जात आहेत, आणि मिस्त्री, जे शेडमध्ये तासभर गप्प होते, ते आवाज न चढवता माझ्याशी इटालियनमध्ये बोलत सुटले आहेत. मला एक अक्षर कळत नाही, मी मान डोलावतो. सामानासकट दोघांनी आल्प्स ओलांडून जावं आणि उतरल्यावर जेवायला बसण्याइतकं त्राण अंगात उरावं, यासाठी जीटी ही जात जन्माला आली. इराणच्या शहाला ही गाडी एवढी आवडली की त्याने आणखी मोठं इंजिन घालून मागितलं, आणि त्याच्यासाठी पाच लिटरची ५००० जीटी बनली. राजाला पुरेसं कधी पुरतं?

परत येतो तेव्हा भाचा घोड्यांवरच्या गाडीखाली शिरलेला आहे. मागच्या ॲक्सलचा बोल्ट काढायचा आहे. मिस्त्री ओणवे होतात आणि हात पुढे करतात. भाचा चौदाचा पाना देतो. बसत नाही. पंधराचा उचलतो, तो सैल बसतो, आणि मिस्त्री एवढ्या जोराने ओरडतात की बाहेरचं कुत्रं उठतं. सैल पाना फिरवला तर बोल्टचं डोकं गोल होईल आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही.

"नोवे सेदिचेसिमी!" मिस्त्री म्हणतात.

"काय म्हणतात?"

"नऊ... सोळांश? मामा, हे काय असतं?"

ॲक्सल इंग्लंडचा. बोल्ट इंची. चासीचे बोल्ट मिलिमीटरमध्ये, ॲक्सलचे इंचात, आणि दोन्ही एकाच गाडीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. मी पान्यांच्या खणाकडे जातो. वरचा खण मिलिमीटरचा, लखलखीत. खालचा इंचांचा, जुना, काळवंडलेला. ९/१६ हाताला लागतो. आमच्या टूलरूममध्ये इंग्लिश मशिनांसाठी हाच खण रोज उघडायचो. मी पाना मिस्त्रींच्या हातात ठेवतो.

ते पाना बघतात, मला बघतात. मग तो परत माझ्याच हातात देतात आणि पायाने पाठीखालची चाकांची फळी माझ्याकडे ढकलतात.

"मामा, चांगली पँट आहे ती," भाचा खालून म्हणतो.

"तू बाहेर ये आधी," मी म्हणतो, चष्मा खिशात टाकतो आणि फळीवर आडवा होतो. पाना घट्ट बसतो. जोर लावतो. साठ वर्षांचा गंज आहे. बोल्ट तसूभरही हलत नाही. मिस्त्री तेलाची बुधली शोधायला जातात.