सादळू न देण्याचं शास्त्र

फ्लोरिडातल्या मराठी बाईला दमट हवेबद्दल काही सांगावं लागत नाही. मागच्या पडवीत फराळाचं ताट मांडलं, की पाहुणे येईपर्यंत चकली मऊ पडलेली असते.

गेल्या वर्षी छपरावर सोलर पॅनेल बसवण्याविषयी बोलायला एक विक्रेता घरी आला. "पंचवीस वर्षं बघायला नको," म्हणाला. मी विचारलं, "पंचवीस वर्षं टिकतात हे तुम्हाला आजच कसं कळलं?" त्याने हसून माझ्या हातात पत्रक ठेवलं. यजमानही हसले. पण वर्गात मुलांना 'कशावरून?' विचारण्याची माझी सवय नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. मराठी घेऊन एम.ए. झालेली मी, विज्ञान दहावीनंतर सुटलेलं. तरी शोधायला बसले आणि एका शोधनिबंधावर नाव दिसलं: नीलकंठ ढेरे. पत्ता आमच्याच राज्यातला! कोको गावचं फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटर.

ही सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाची संशोधन संस्था. अटलांटिकचा किनारा जवळ, केनेडी अवकाश केंद्र जवळ. ढेरे त्याआधी ब्राझीलमध्ये, रिओच्या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत होते. विषय मात्र तोच राहिला, पातळ थरांचा. नेहमीच्या सिलिकॉनच्या पॅनेलमधली चकती कागदाहून थोडी जाड असते. ढेरे ज्यावर काम करत तो तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा थर जेमतेम दोन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा-चाळीसावा भाग. हे मिश्रण प्रकाश इतका चांगला शोषतं की तेवढ्यात भागतं. आधी धातूंचा लेप द्यायचा, मग सेलेनियमच्या किंवा गंधकाच्या वाफेत भट्टीत तापवायचं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. साध्या खिडकीच्या काचेवर थर दिला तर तो जास्त चांगला काम करायचा. कारण काचेतलं थोडं सोडियम तापल्यावर वर झिरपत होतं! चिमूटभर मिठाने आमटी जुळून यावी तसं. ढेरे यांच्या प्रयोगशाळेत अंतराळासाठी हलक्या स्टीलच्या पत्र्यावर असे थर दिले जात. पत्र्यात सोडियम कुठलं? मग ते बाहेरून द्यावं लागे.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कामाच्या दुसऱ्या बाजूला होतं. थर बनवणं एक आणि तो सादळू न देणं दुसरं. वरचा झिंक ऑक्साइडचा पारदर्शक थर ओलावा लागला की वीज नीट वाहू देत नाही. म्हणून पॅनेल 85 अंश तापमानात आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास कोंडून ठेवतात. बेचाळीस दिवस होतात, मी गणित केलं. त्यात टिकलं म्हणजे पंचवीस वर्षं टिकेलच असं नाही. म्हणून ढेरे आणि त्यांचे विद्यार्थी पॅनेल आमच्या या घामट हवेत उघड्यावर ठेवून त्यांना मोठा विद्युतदाब देत आणि चौकटीतून जमिनीकडे किती वीज गळते ते मोजत बसत. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या पॅनेलमधून छोटे तुकडे काढून काचेखालचं प्लॅस्टिक किती घट्ट धरून आहे, हेही त्यांनी मोजलं. अशा कामाची वर्तमानपत्रात बातमी येत नाही. आज पॅनेल लावायचं, उत्तर काही वर्षांनी.

2007 मध्ये त्यांनी लिहिलं होतं की दशकभरात या पातळ थरांच्या पॅनेलचं उत्पादन वर्षाला गिगावॅटपर्यंत नेता येईल. 2011 मध्ये जपानात सुमारे 900 मेगावॅटचा कारखाना उभा राहिलाही. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातली सोलिंड्रा बुडाली, सिलिकॉनचे भाव कोसळले आणि पुढे जपानी कंपनीनेही हे उत्पादन बंद केलं. हे वाचून मला वाईट वाटलं. अर्धं आयुष्य दिलेली वस्तू बाजारात मागे पडते तेव्हा माणसाला काय वाटत असेल? आपल्यातल्या किती घरांत हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेला आहे. मात्र ओलावा कुठून शिरतो, वीज कुठून गळते, प्लॅस्टिक कधी सुटतं, हे प्रश्न सिलिकॉनच्या पॅनेललाही तसेच लागू आहेत, आणि माझ्या छपरावर बसणार ती तीच.

तो विक्रेता पुन्हा येणार आहे. मी कागदावर लिहून ठेवलंय: दमट उष्णतेची चाचणी किती तास? कडा कशाने बंद केल्यात? समुद्राजवळ बसवलेली जुनी पॅनेल दाखवता येतील का? यजमान म्हणतात, बिचाऱ्याला आधी चहा तरी दे.