शेजारच्या तालुक्यातला सेनानी

पुणतांबा गाव ज्या राहाता तालुक्यात आहे, त्याला लागूनच संगमनेर तालुका आहे. तिथल्या निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी आणि सेनानीही होते. जुलै 1815मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. इंग्रजांनी त्रिंबकजींना दोषी धरून ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. सप्टेंबर 1816मध्ये ते तिथून निसटले. पहाऱ्याबाहेरच्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने, गाण्यातून सुटकेचा बेत कळवल्याची कथा आजही सांगतात. त्यांना पकडून देण्याची हमी म्हणून 1817मध्ये पेशव्यांना सिंहगड, पुरंदर आणि रायगड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. एका माणसासाठी तीन गड! इंग्रजांना त्यांची केवढी धास्ती होती, हे यातून कळतं. 1818मध्ये पुन्हा पकडल्यावर त्यांना गंगाकाठच्या चुनारगडावर ठेवलं. 1829मध्ये तिथेच कैदेत त्यांचा मृत्यू झाला.